बुधवारचा वारा

नाव चालवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पाणी किती खोल आहे, आणि कुणी बुडालं होतं का. पहिल्याला मी नुसता हात डोक्यावर उंच धरून दाखवायचो, म्हणजे विचारणारा नावेच्या मधोमध सरकून बसायचा. दुसऱ्याचं उत्तर असं की माझ्या नावेतून माणूस कधी बुडालं नाही. कोंबड्या बुडाल्या. एकदा खडकीच्या गुरुजींची सायकल बुडाली, पण ती वर काढल्यावर पहिल्यापेक्षा हलकी चालायला लागली असं ते स्वतःच सांगायचे.

आता त्या जागी पूल आहे. पुलावरून जाणारा खाली पाणी आहे का वाळू आहे हेसुद्धा बघत नाही. त्याला कुठून ठाऊक असणार की ह्याच पाण्यात, मोठी लढाई संपली त्यानंतरची काही वर्षं, आम्ही दर बुधवारी संध्याकाळी शिडाच्या नावांची शर्यत लावत होतो. शिडं समुद्रात असतात असं पुस्तकात आहे. आमच्याकडं ती सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेत होती आणि त्यातलं एक माझ्या धोतराचं होतं.

आधी आमचं काम काय होतं ते सांगतो. नाव जिथून नदी ओलांडते त्या जागेला तर म्हणतात. अलीकडं आमची माळेवाडी, पलीकडं खडकी. आमच्या गावापाशी नदी पूर्वेकडं वळते आणि वळणाच्या पोटात लांबलचक डोह आहे. इतर गावांची माणसं उन्हाळ्यात धोतर वर खोचून नदी पार करायची, आमच्याकडं वैशाखातही नावेशिवाय इलाज नसे. दोन नावा होत्या. माळेवाडीची माझी, खडकीची कोंडिबाची. सपाट बुडाच्या, डांबर लावलेल्या, दिसायला काथवटीसारख्या. दोन गडी वल्ही मारायचे, तिसरा लांब बांबू घेऊन टोकाला उभा. नाव पलीकडं न्यायची तर तिचं नाक पलीकडं धरायचं नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरायचं. पाणी तिला आपोआप खाली आणतं आणि ती बरोबर घाटाला लागते. नव्या माणसाला वाटायचं हा नावाडी भलतीकडंच घेऊन निघाला. तो आरडाओरडा करायच्या आत घाट आलेला असायचा.

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. एक म्हातारा आपल्या म्हशीचं तोंड कायम गावाकडं राहील असं उभं करायला लावायचा, नाहीतर ती रुसते म्हणायचा. रुसते म्हणजे काय करते, ते आम्ही एकदा बघितलं, आणि पुढं त्याचं ऐकत गेलो. पाऊस न झालेल्या एका साली जतकडचा एक धनगर मेंढरं घेऊन आला. तो निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायचा. मध्यावर आल्यावर त्यानं पाण्यात हात घातला, "एष्टु नीरु," असं स्वतःशीच म्हणाला आणि मला विचारलं, "हे एवढं पाणी कुनाचं हाय?"

मी म्हटलं, "देवाचं."

"देव कुठं ऱ्हातो? वाटंत लागंल काय?"

मी म्हटलं, पलीकडं देऊळ आहे. तो उतरला तो मेंढरं सोडून थेट देवळात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. मेंढरं मात्र तोवर गुरवाचा सगळा तुळशीचा वाफा खाऊन गेली.

असं आमचं चाललेलं होतं. त्यात महिपती आला.

महिपती आमच्याच गावचा. आमच्या भागातली पोरं पलटणीत जायची, हा एकटा नेव्हीत गेला. लढाई संपल्यावर पांढरी टोपी, एक शिट्टी आणि पाय फाकून चालायची सवय घेऊन परत आला. जमिनीवर चालतानाही तो डुलायचा. घाटावर बसून माझी नाव बघायचा आणि मान हलवायचा. एक दिवस मला म्हणाला, "शिवा, गड्या, तुझ्या नावंला शीड न्हाई."

"नदी ओलांडायला शीड कशाला?"

"ओलांडायला न्हाई रं. पळवायला."

मी त्या शब्दाशी अडकलो. माझा बाप नावाडी, आजा नावाडी. तिघांनी मिळून ही नदी किती वेळा ओलांडली असेल त्याचा हिशेब नाही, पण तिच्या लांबीनं आम्ही कधी गेलोच नव्हतो. सगळा जन्म आडवा. वळणाच्या पुढं काय आहे ते बैलगाडीनं जाऊन बघितलेलं, नावेनं नाही. आणि चैत्र-वैशाखात दुपार कलली की आमच्या डोहावर पश्चिमेचा वारा सुटतो, तो दिवस मावळेपर्यंत डोहाच्या लांबीनं वाहतो. हा वारा आम्हाला आजवर फक्त शिव्या देण्यापुरता माहीत होता, कारण तो नाव घाटावरून खाली ढकलायचा.

गुरुवारी आमचा बाजार. त्या दिवशी उसंत नसायची. बुधवारी संध्याकाळी मात्र घाट अगदी मोकळा. म्हणून बुधवार ठरला.

माझं शीड दोन धोतरांचं आणि एका सोलापुरी चादरीचं. शिंप्यानं ते शिवताना विचारलं, हे घालणार कोण. कोंडिबाला खडकीच्या देवस्थानची जुनी कनात मिळाली, तिला खालून लाल झालर होती. ती नाव आली की आत कुणाची तरी मुंज चालली आहे असं वाटायचं. महिपतीनं आम्हाला सांगितलं की नाव वाऱ्यानं आडवी घसरू नये म्हणून बाजूला एक फळी पाण्यात सोडावी लागते. कोंडिबानं गाडीची फळी लावली. मला फळी मिळेना, तेव्हा मी आमच्या न्हाणीचं दार काढून नेलं.

माझी बायको हौसा पहिल्या बुधवारी काही बोलली नाही. दुसऱ्या बुधवारी ती दारात उभी राहिली, म्हणजे दार नसलेल्या न्हाणीत.

"शर्यत तुमची हाय," ती म्हणाली, "पर दार माजं हाय."

"उद्या आणून लावतो."

"आनि जिंकून आनायचं. हरलेलं दार मी लावून घ्यायची न्हाई."

गावात दुसऱ्या कुणी घेतली नसेल इतकी तिनं ही शर्यत मनावर घेतली.

महिपती माझ्या नावेत मागं बसून हुकूम द्यायचा. डाव्या-उजव्यासाठी पोर्ट आणि स्टारबोर्ड असे दोन शब्द तो ओरडायचा. वल्ह्यावरच्या गड्यांना त्यातलं कुठलं कुठं ते कळायचं नाही, मग नाव जागच्या जागी फिरायची. शेवटी आम्ही ते शब्द टाकून दिले आणि 'देवळाकडं' आणि 'मसणवट्याकडं' असं ठरवलं. मसणवट्याकडं जाताना गडी जरा कुरकुरायचे, पण नाव सरळ चालायला लागली. महिपतीला शिडातलं किती कळत होतं ह्याचा उलगडा फार पुढं झाला. त्याच्या ओळखीचा एक नेव्हीवाला गावात आला, तेव्हा तो सहज बोलून गेला की महिपतीच्या हातची आमटी साऱ्या बोटीत नावाजलेली. तो नेव्हीत स्वयंपाकी होता. बोट वाफेवर चालायची. शीड त्यानं आमच्याइतकंच पहिल्यांदा आमच्याच नदीत बघितलं होतं. मी त्याला विचारलं, "मग तू एवढे हुकूम कसे देत होतास?" तो म्हणाला, "भटारखान्यात वर काय वरडत्यात ते समदं ऐकू येतं."

शर्यत घाटावरून सुटायची, डोहाच्या खालच्या टोकाला काळा खडक आहे तिथवर. जाताना वारा पाठीशी. ते जाणं काय होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. वल्ही आत घेतलेली, कुणी काही करत नाही आणि नाव चाललेली. आयुष्यभर ज्यानं हातानं नाव ओढली त्यालाच त्यातली गंमत कळेल. माझे गडी तर पहिल्या दिवशी घाबरून एकमेकांना धरून बसले होते, की आपण काही करत नाही आहोत तर हे कोण करतंय. परत येताना मात्र वारा तोंडावर. महिपती म्हणायचा, तिरकं तिरकं जाऊन वाऱ्याविरुद्धही येता येतं. आम्ही तिरके गेलो आणि देवळाकडच्या काठावर बाभळीत घुसलो. मग मसणवट्याकडं तिरके गेलो. अशानं काठ सगळे बघून झाले, पण घाट काही जवळ येईना. शेवटी वल्ही मारत, घामाघूम होऊन परत. दोन्ही काठांवर माणसं बसलेली असायची, त्यांना ही परतीची मजा जास्त आवडायची.

निकाल द्यायला सायकलवाले गुरुजी. त्यांच्या शाळेत दोन्ही गावांची पोरं, म्हणून ते दर वेळी बरोबरी झाली असंच सांगायचे. एकदा माझी नाव अर्ध्यात उलटली, तेव्हाही त्यांनी बरोबरी दिली.

आता त्या लग्नाचं सांगतो.

खडकीच्या तुकाराम पाटलांची थोरली मुलगी अनसा. तिला कोरेगावकडचं स्थळ. नवरामुलगा सदाशिव, शांत, शेतीतला. त्याचा बाप पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार, मिशा कानापर्यंत. लग्न वैशाखातल्या बुधवारी, गोरज मुहूर्तावर. गोरज म्हणजे संध्याकाळी गुरं रानातून घरी येतात आणि त्यांच्या खुरांची धूळ उडते ती वेळ. वऱ्हाड सकाळच्या गाडीनं यायचं होतं. गाडी आली दुपार कलल्यावर. स्टेशनापासून बैलगाड्या पळवत ते आमच्या घाटावर पोचले तेव्हा वारा सुटला होता आणि दोन्ही नावांवर शिडाच्या काठ्या उभ्या होत्या.

मी महिपतीला म्हटलं, आज शर्यत रद्द. महिपतीनं मान डोलावली. कोंडिबाही तयार झाला. त्याच्या गावचंच लग्न.

माझ्या नावेत नवरामुलगा, हवालदार, भटजी, करवली आणि वाजंत्री. कोंडिबाच्या नावेत नवऱ्याचा मामा, बायका आणि ट्रंका. हवालदार आणि हा मामा, म्हणजे त्यांच्या बायकोचा भाऊ, सदाशिवचं लग्न ठरल्यापासून ह्यांचं पटत नव्हतं. स्थळ कुणी आणलं ह्यावरून सुरू झालेलं भांडण आता आधी कुणाचे पाय धुवायचे इथवर आलं होतं.

आम्ही वल्ही मारत निघालो. मध्याच्या अलीकडं कोंडिबाची नाव आमच्या पुढं गेली. त्यात विशेष काही नव्हतं, वाजंत्र्यांचा ढोल आमच्याकडं होता. पण मामानं मागं वळून फेटा सारखा केला आणि हात हलवला.

हवालदार उठून उभे राहिले. नावेत उभं राहायचं नसतं, मी तसं म्हटलंही.

"ही काठी कशाची?" त्यांनी मला विचारलं.

"शिडाची."

"शीड कुठं हाय?"

"आवं, ते गुंडाळून ठेवलंय. आज वऱ्हाड हाय."

"लावा."

मी त्यांना समजावून सांगितलं. "आवं हवालदार, शिडानं नाव खाली जाईल. पलीकडं जायची न्हाई. वाराच तसा हाय."

"मग आधी खाली जाऊ, मग पलीकडं जाऊ," ते म्हणाले. "पर त्याच्या पुढनं जाऊ."

मी नाही म्हटलं. तोवर महिपतीनं शीड सोडलं होतं. हवालदारांनी 'लावा' असं म्हटलं ते पलटणीच्या सुरात, आणि नेव्हीतल्या माणसाचे हात आपोआप हलले. धोतरं फुगली. नाव एकदम पुढं झेपावली, करवलीच्या हातातला दिवा विझला, आणि वाजंत्र्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

आम्ही कोंडिबाच्या बाजूनं असे गेलो की मामाचा फेटा वाऱ्यानं सुटला. हवालदार त्याला सॅल्यूट ठोकून उभे होते. खडकीचा घाट आला. पाटील, त्यांचे भाऊबंद, आरत्या घेतलेल्या सुवासिनी, सगळे घाटावर. आम्ही वाजतगाजत त्यांच्यासमोरून गेलो आणि पुढं निघून गेलो.

सुवासिनींनी आरत्या तशाच धरून ठेवल्या होत्या. पाटलांचे हात जोडलेले होते. त्यांनी ते जोडलेले हात हळूहळू आमच्या दिशेनं फिरवले, जसजसे आम्ही पुढं जात होतो तसतसे.

"थांबवा आता," हवालदार म्हणाले.

"शिडाला लगाम नसतो," मी म्हटलं. "महिपती, उतरव ते."

महिपती दोरी ओढत होता. चादरीचा कोपरा काठीच्या टोकाला अडकला होता. भटजी म्हणाले, "शीड बांधलेलंच ठेवलं असतं तर बरं झालं असतं," आणि पोथी छातीशी धरून बसले. नवरामुलगा तेवढा शांत होता. मुंडावळ्या वाऱ्यावर उडत होत्या आणि तो नाकासमोर पाण्याकडं बघत होता. मला वाटलं घाबरला. मी म्हटलं, "भिऊ नका."

तो म्हणाला, "भ्यालो न्हाई. अजून जोरात जाती का?"

काळ्या खडकाच्या अलीकडं वाळूचा एक दांडा आहे. उन्हाळ्यात पाण्याखाली वीतभर. रिकामी नाव त्यावरून सरकते. ढोल आणि हवालदार असलेली नाव सरकत नाही. आम्ही त्यावर चढलो आणि बसलो. आणि जणू आपलं काम झालं अशा थाटात वारा पडला.

आमच्यापासून खडकीचा काठ हाकेवर होता, पण मध्ये खोल पाणी. उतरून ढकलावं तर वाळू पायाखालून सरके. आमच्या डोळ्यांदेखत कोंडिबाची नाव घाटाला लागली. मामा उतरला. पाटलांना काही सुचत नव्हतं, आरत्या तर पेटलेल्या होत्या. त्यांनी मामाचे पाय धुतले.

हवालदार वाळूत उभे राहून ते बघत होते. मी लढाई बघितली नाही, पण हरलेला सैनिक कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं.

पाटील काठाकाठानं पळत आमच्या समोर आले. "आवं, मुहूर्त टळंल की. दिवस बुडाया आला," ते ओरडले.  हसण्यावारी न्यायची गोष्ट आता राहिली नव्हती. गोरज चुकली तर पुढचा मुहूर्त सात-आठ दिवसांनी, आणि तोवर एवढं वऱ्हाड ठेवायचं कुठं, आणि लोक काय काय बोलणार.

भटजी नावेत उभे राहिले. "पाटील," त्यांनी हाक घातली, "गुरं आली का?"

"निघाल्यात. येशीपाशी असतील."

"मग थांबवा त्यांना. गुरं येत नाहीत तोवर गोरज नाही."

 पाटील गावाकडं पळाले. वेशीत माणसं आडवी उभी राहिली, बैलगाड्या आडव्या लावल्या आणि खडकीची सगळी गुरं रानाच्या तोंडाला अडवून धरली. गुरं हंबरायला लागली. धारेची वेळ झालेली. तो हंबरडा नदीवर आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता.

इकडं कोंडिबा रिकामी नाव घेऊन आम्हाला न्यायला आला. हवालदार हलेनात.

"पुढं गेलेल्याच्या नावंत मी बसायचा न्हाई," ते म्हणाले.

"आबा," सदाशिव म्हणाला, "लगीन माजं हाय." एवढं बोलून तो धोतर सावरत कोंडिबाच्या नावेत जाऊन बसला. भटजी, करवली, वाजंत्री त्याच्यामागं गेले. हवालदार एकटे वाळूवर. त्यांना तसं सोडून जायलाही होईना.

तेवढ्यात काठावरून कुणीतरी हाक दिली, "एक आली रं, सुटून आली."

सगळे भटजींकडं बघायला लागले.

"काय आली?" भटजींनी विचारलं.

"म्हस."

"म्हैस चालत नाही," भटजी म्हणाले. "गोरज गाईची."

कोंडिबा तसा अबोल माणूस. त्यानं वल्हं मांडीवर ठेवलं आणि हवालदारांना म्हणाला, "आवं, माज्या नावंत बायका न् ट्रंका हुत्या. तुमच्या नावंत ढोल, नवरा न् तुमी. वजन धरलं तर तुमीच पुढं हुता."

"तसा नियम हाय का?" हवालदारांनी विचारलं.

"नेव्हीत हाय," महिपती लगेच म्हणाला.

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि नावेत बसले.

घाटावर पाय धुवायला पुन्हा पाणी आलं. पाटलांनी हवालदारांचे पाय मामाच्यापेक्षा जास्त वेळ धुतले, मी उभा राहून बघितलं. मांडवात सगळी घाई झाली. भटजींचा अंतरपाट वाळूवर नावेतच राहिला होता. शोधाशोध करायला वेळ नव्हता. कोंडिबानं आपलं शीड सोडून आणलं. ती झालर लावलेली कनात धरायला सहा माणसं लागली. नवरानवरीच काय, तिच्या आड निम्मं वऱ्हाड दिसेना. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी हात वर केला, तेव्हा कुणीतरी वेशीकडं इशारा केला की आता सोडा.

एवढा वेळ अडवलेली गुरं सावकाश येतील अशी अपेक्षा करणं चूकच होतं. ती सुटली ती थेट मांडवाच्या बाजूनं. 'सावधान' हा शब्द आणि पहिली गाय एकदमच आली. अक्षता कुणावर पडल्या आणि धूळ कुणावर, सांगता येणार नाही. मी गोरज हा शब्द लहानपणापासून ऐकत होतो, त्या दिवशी तो माझ्या दोन्ही डोळ्यांत गेला. धूळ खाली बसली तेव्हा अनसानं सदाशिवला हार घातलेला होता आणि एक कालवड उरलेले तांदूळ खात होती. भटजी म्हणाले, इतका अचूक मुहूर्त त्यांनी आजवर साधला नव्हता.

गुरुजी पंगतीत माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांना विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "बरोबरी."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रिकामी नाव वाळूवरून सरकवून आणली आणि सकाळी हौसानं दार लावून घेतलं. जिंकलं का हरलं ते तिनं विचारलं नाही. लग्नाला ती हजर होती, तिनं स्वतःच काय ते ठरवलं असावं.

त्या दिवशी बाजार, तरी दुपारी गिऱ्हाइकं थांबवली, कारण पाठवणी होती. आदल्या दिवशीच्या प्रकारानंतर मला वाटलं होतं वऱ्हाड माझ्या नावेत पाय ठेवणार नाही. पण हवालदारच म्हणाले, निघालो होतो त्याच नावेनं जाऊ. नवरी घाटावर आली. आई, मावशा, चुलत्या, सगळ्या बायका गळ्यात पडून रडत होत्या. नदीवरच्या पाठवण्या मी खूप बघितल्या. त्यांत एक रीत असते. नाव काठापासून सुटते, सावकाश पलीकडं जाते, आणि तोवर बायका काठावर उभ्या राहून रडतात. नाव पलीकडं लागली की रडणं संपतं. नावाड्यानं वल्हं जरा हळूच मारायचं असतं, म्हणजे रडायला पुरतं. हे कुणी शिकवत नाही, कळतं.

अनसा नावेत चढली. ती रडत होतीच. सदाशिवच्या शेजारी बसली, पदरानं डोळे पुसले आणि मान वर करून झाडांचे शेंडे बघितले. वारा सुटलेला होता. घाटावर वाढलेली पोरगी, काही वर्षं दर बुधवारी काठावर बसून तिनं शीड फुगताना बघितलेलं. बायकांना शर्यतीत कोण घेतंय.

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "शिवामामा, शीड लावा की."

 नव्या सुनेचा सासरच्या माणसांसमोरचा हा पहिला शब्द. मी हवालदारांकडं बघितलं. सदाशिवनं बापाकडं बघितलं. हवालदारांनी डोहाच्या खालच्या टोकाकडं नजर टाकली.

"वाळूचा दांडा कुठं हाय ते ध्यानात हाय ना?" त्यांनी मला विचारलं.

"हाय."

"मग लावा."

महिपतीनं शीड सोडलं. नाव घाटावरून सुटली ती पलीकडं गेलीच नाही, डोहाच्या लांबीनं पळायला लागली. काठावरच्या बायकांचं रडणं अर्ध्यात राहिलं. पोरगी अजून नदीतच आहे म्हटल्यावर थांबताही येईना. मग त्या पदर खोचून काठाकाठानं पळायला लागल्या, पळता पळता रडत. मावशी पुढं, चुलत्या मागं. दगड आला की रडणं थांबायचं, दगड ओलांडला की पुन्हा सुरू. शेवटी मावशीला इतकी धाप लागली की ती मळ्याच्या बांधावर बसली आणि हसायला लागली, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या.

अनसानं त्यांना हात केला. मग ती पुढं वळून बसली, पदर डोक्यावरून उडाला तो तिनं तसाच उडू दिला.